परमुलखातील पहिला तास

व्यापारी घराण्यांना परमुलूख नवा नाही. मारवाड आणि गुजरातेतून निघालेली कुटुंबे दक्षिणेतील पेठांत स्थिरावली, तेव्हा त्यांच्या गाठीस रोकड थोडी आणि पत मोठी होती. वाटेवर रोकड लुटली जाण्याचे भय असे, म्हणून व्यवहार हुंडीवर चाले. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदतीच्या हुंडीचे ठरलेल्या दिवशी. मूळ हुंडी गहाळ झाल्यास ‘पैठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपैठ’ लिहून देण्याची रीत होती. सारा भार एकाच कागदावर टाकू नये, हे शहाणपण त्या रीतीत साठलेले आहे.

आज हुंडीची जागा मोबाईलने घेतली आहे. तोच पैशाची पिशवी, तोच वाटाड्या, तोच दुभाषी आणि तोच घरचा निरोप्या. त्यामुळे परदेशी विमानतळावर तो मुका झाला की चारही कामे एकदम थांबतात. पूर्वजांनी जी चूक टाळली, ती आपण नकळत करू लागलो आहोत.

श्रीगोंदा तालुका लिंबू आणि कांद्यासाठी ओळखला जातो. या मालाच्या व्यापारातील एखादा तरुण दुबईच्या ‘गल्फूड’ या खाद्यव्यवसायाच्या प्रदर्शनास प्रथमच निघाला, असे समजू. विमान दुपारी उतरते. चौविहार पाळायचा असल्याने सूर्यास्तापूर्वी शुद्ध शाकाहारी भोजनाचे ठिकाण गाठावयाचे आहे. पत्ता मोबाईलमध्ये, पैसे मोबाईलमध्ये, पण मोबाईलला जाळे नाही. विमानतळावर विनामूल्य वाय-फाय मिळाले, तरी ते दाराबाहेर सोबत येत नाही. मुलाकडे राहावयास निघालेल्या वृद्ध आई-वडिलांच्या बाबतीत तर ही अडचण अधिक जिव्हारी लागते. मुलगा एका दारी उभा असतो आणि ते दुसऱ्या.

एके काळी दुबईत हा प्रश्नच नव्हता. आखाती प्रदेशांत भारतीय रुपयाच चालत असे. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या प्रदेशासाठी वेगळ्या नोटा काढल्या. 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तेथील राज्ये रुपयापासून दूर गेली. 1973 पासून तेथे दिरहम चालतो. यूपीआय आता दुबईतील काही दुकानांत स्वीकारले जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि त्यासाठीही मोबाईलला जाळे लागते. म्हणून ते सोयीचे साधन मानावे, आधार मानू नये.

तयारी घरूनच करावी. तालुक्याच्या गावी परकीय नोटा ऐनवेळी मिळतील, अशी अपेक्षा धरू नये. पुण्यातील अधिकृत चलनविक्रेत्याकडे किंवा आपल्या बँकेत आठवडाभर आधी मागणी नोंदवावी. पारपत्र, पॅन कार्ड, तिकीट आणि व्हिसा जवळ ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका प्रवासास 3,000 डॉलर मूल्यापर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात. उरलेली रक्कम प्रवासी चलनकार्डावर घ्यावी. परतल्यावर घरी पोहोचण्यासाठी भारतीय रुपयेही जवळ असावेत. ते 25,000 पर्यंत नेता येतात. बँकेच्या कार्डाचा परदेशी वापर बहुधा बंद असतो. तो बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वी सुरू करावा.

मोबाईलचेही तसेच. *#06# हे अंक दाबल्यावर ‘ईआयडी’ क्रमांक दिसला, तर त्या फोनमध्ये ई-सिम चालते. ते घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून घ्यावे आणि पोहोचल्यावर सुरू करावे. ज्यांच्या फोनमध्ये ही सोय नाही, त्यांनी विमानतळावर पारपत्र दाखवून स्थानिक सिम घ्यावे. भारतीय सिम मात्र काढून टाकू नये. त्यावरील डेटा रोमिंग बंद ठेवावे, पण रोमिंग सेवा आधीच सुरू करून घ्यावी, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. दुबईतील स्थानिक जाळ्यावर व्हॉट्सॲपचे संदेश पोहोचतात, पण कॉल बहुधा लागत नाही. हे घरच्यांना आधी सांगून ठेवले, तर रात्रभराची काळजी वाचते.

चलन बदलताना व्यापाऱ्याची नजर उपयोगी पडते. ‘कमिशन नाही’ ही पाटी वाचून समाधान मानू नये. खरेदी आणि विक्रीच्या भावातील अंतर हेच तेथील कमिशन असते. दिरहमचा डॉलरशी दर 3.6725 असा बांधलेला आहे, त्यामुळे पडताळा सोपा जातो. एखाद्या खिडकीवर 3.55 चा भाव मिळाला, तर 500 डॉलरमागे 61 दिरहमांहून अधिक रक्कम सुटते. विमानतळावर टॅक्सी, मेट्रो आणि एका भोजनापुरतेच बदलावे. बाकीचे शहरात दोन-तीन भाव पाहून. कार्डाचे यंत्र कधी कधी ‘रुपयांत की दिरहमांत?’ असे विचारते. रुपये ओळखीचे वाटतात, पण तो भाव दुकानदाराच्या बाजूने ठरलेला आणि बहुधा महाग असतो. उत्तर ‘दिरहम’ असेच द्यावे. क्रेडिट कार्डावर रोकड काढण्याचे टाळावे. त्यावर त्याच दिवसापासून व्याज चढते.

शेवटची गोष्ट सर्वांत साधी आहे. मुक्कामाचा पत्ता, नेण्यास येणाऱ्याचा क्रमांक आणि ‘मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण चालत नाही’ हे इंग्रजी वाक्य एका कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून पारपत्रासोबत ठेवावे. नोटा दोन ठिकाणी विभागाव्यात आणि दुसरे कार्ड सोबतच्या माणसाकडे द्यावे. मोबाईल ही आजची हुंडी असेल, तर हा कागद आणि ही रोकड तिची पैठ आहे. घरातील वडीलधारी माणसे प्रवासास निघतील, तेव्हा ती त्यांच्या हाती देणे हे तरुणांचे कर्तव्य होय.