उथळ्यांचा हिशेब

प्राचीन इस्राएलच्या निवासमंडपाचे वर्णन वाचणारे दोन प्रकारचे वाचक आमच्या पाहण्यात आहेत. एक, निर्गमाची २५ ते ४० ही प्रकरणे केवळ चाळणारा. फळ्या, कड्या आणि पडदे यांत त्याला रस नाही. दुसरा, प्रत्येक खुंटीत गूढार्थ शोधणारा. पहिला निदान आपला कंटाळा लपवीत नाही. आमचे भांडण दुसऱ्याशी आहे.

ही खोड जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात फिलो आणि जोसिफस यांनी पडद्याच्या चार सुतांत चार तत्त्वे पाहिली : सणात पृथ्वी, जांभळ्यात समुद्र, निळ्यात हवा, किरमिजीत अग्नी. आठव्या शतकात बीड या इंग्लंडमधील ख्रिस्ती मठवासीने याच मंडपावर सबंध रूपकात्मक भाष्य लिहिले. या वाचनांची कल्पकता आम्ही नाकारीत नाही. परंतु रंगांचा अर्थ मूळ ग्रंथ कोठेही सांगत नाही. ज्याविषयी तो मोकळेपणाने बोलतो तो आहे हिशेब. आणि नेमका तोच वगळला जातो.

हा हिशेब ३८ व्या प्रकरणात आहे. वीस वर्षांवरील ६,०३,५५० पुरुषांनी माणशी अर्धा शेकेल चांदी दिली. एकूण ३,०१,७७५ शेकेल. ३,००० शेकेलांचा एक किक्कार या मानाने १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. त्या १०० किक्कारांच्या १०० उथळ्या ओतल्या : ४८ फळ्यांखाली प्रत्येकी दोन आणि अंतरपटाच्या चार खांबांखाली चार. उरलेल्या चांदीच्या आकड्या वगैरे झाल्या. सोने लोकांनी ऐच्छिक दिले, ते फळ्यांवर मढवले गेले. चांदीविषयी मात्र ३० व्या प्रकरणातला नियम सक्त आहे : धनवानाने अर्ध्या शेकेलाहून अधिक देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये. म्हणजे ज्या बैठकांवर सोन्याच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांत कोणाचाही वाटा दुसऱ्याहून मोठा नव्हता. यापलीकडे कोणता गूढार्थ हवा?

या मोजणीत स्त्रिया नाहीत, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. पण याच प्रकरणात पितळेच्या गंगाळाची नोंद आहे. ते दर्शनमंडपाच्या दारी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचे केले होते.

चिकित्सक म्हणतील, एवढा जनसमुदाय रानात असणे अशक्य. वेलहाउझेनने तर १८७८ मध्येच हा मंडप म्हणजे यरुशलेमच्या मंदिराची मागाहून रानात नेलेली प्रतिमा ठरवली. तसे असेल तर आमचा मुद्दा दुबळा होत नाही, उलट बळावतो. कारण त्या मंदिराचीही जमाखर्ची १ राजे या ग्रंथात आहे. शलमोनाने ३०,००० माणसे वेठीला धरली आणि दरमहा १०,००० अशा पाळीने लबानोनात पाठवली. मंदिराला सात वर्षे लागली, त्याच्या स्वतःच्या वाड्याला तेरा. तो मरताच लोकांनी त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, जू हलके करण्याची विनवणी केली; त्याने ती झिडकारली आणि राज्य दुभंगले. मंडपाचे वर्णन लिहिणाऱ्यांसमोर खरोखर हेच मंदिर असेल, तर त्यांनी मापे घेतली, दालनांचा क्रम घेतला; वेठ मात्र घेतली नाही. तिच्या जागी सम वर्गणी आणि स्वखुशीचे दान ठेवले. हा बदल अनवधानाने होत नसतो.

तरीही मंदिरासमोरच्या याखीन आणि बवाज या दोन खांबांच्या नावांवर पाने खर्ची पडतात आणि लबानोनातल्या बिगाऱ्यांना एक ओळही मिळत नाही. असे वाचन भाविक दिसते. आमच्या मते ते ग्रंथाची अवज्ञा करते. लिहिणाऱ्याने जे मोजून, तोलून, दोनदा सांगितले ते ऐकायचे नाही आणि जे सांगितलेच नाही ते त्याच्या तोंडी घालायचे, याला व्याख्या म्हणत नाहीत. पडद्याच्या रंगांकडे अवश्य पाहावे. परंतु आधी उथळ्या मोजाव्यात आणि त्या कोणाच्या चांदीच्या आहेत हे विचारावे.