रिकाम्या अवकाशकुपीचा अहवाल लोकांपुढे यावा

गगनयानाची घोषणा 15 ऑगस्ट 2018 रोजी लाल किल्ल्यावरून झाली, तेव्हा 2022 ही मुदत सांगितली होती. ती टळल्यापासून 'माणूस कधी जाणार?' एवढाच प्रश्न विचारला जातो आणि मानवविरहित उड्डाणे वेळकाढूपणाची वाटू लागतात. मला ही अधीरता धोक्याची वाटते. 21 ऑक्टोबर 2023 च्या टीव्ही-डी1 या गगनयानाच्या मानवविरहित चाचणीत उलटगणतीची पाच सेकंदे उरली असताना संगणकाने उड्डाण रोखले. दोष दूर करून त्याच सकाळी यान उडाले, मोहीम यशस्वी ठरली. तरी बंगालच्या उपसागरात कुपी उलटी तरंगताना आढळली. आत कोणी नव्हते, म्हणून ती केवळ एक नोंद ठरली.

मात्र अशी नोंद मनावर घेतली नाही, तर रिकामे उड्डाण करूनही काही साधत नाही. सोव्हिएत संघाच्या सोयूझ यानाच्या मानवविरहित चाचण्यांत बिघाडांमागून बिघाड झाले होते. तरीही एप्रिल 1967 मध्ये व्लादिमीर कोमारोव यांना त्यात बसवले गेले. परतताना मुख्य पॅराशूट उघडले नाही आणि ते मृत्युमुखी पडले. बोइंगच्या स्टारलायनरची 2019 ची रिकामी फेरी घड्याळाच्या चुकीने फसली, 2022 च्या फेरीत काही थ्रस्टर बंद पडले. जून 2024 मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर त्याच यानातून गेले, पुन्हा थ्रस्टरनीच दगा दिला. यान रिकामे परत आणावे लागले आणि ते दोघे मार्च 2025 मध्ये दुसऱ्या यानाने परतले.

मीरा-भाईंदरचा नागरिक विचारेल, पाणी आणि लोकलची गर्दी हे प्रश्न असताना 20,193 कोटी रुपये गगनयानावर का? प्रश्न रास्त आहे. यातले काही काम आपल्याच शेजारी होते, हे खरे: गगनयान नेणाऱ्या एलव्हीएम3 रॉकेटच्या एस200 बूस्टरचा गगनयानासाठीचा एक भाग 2020 मध्ये पवईच्या एल अँड टी कारखान्यातून गेला आणि विकास इंजिने विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात. पण रोजगार हे पुरेसे उत्तर नव्हे. ज्यांच्या पैशातून चाचणी होते, त्यांना तिचा निकाल कळला पाहिजे, हे खरे उत्तर. तंत्रज्ञान गोपनीय असते, असा आक्षेप येईल. मात्र ऑगस्ट 2021 मध्ये जीएसएलव्ही-एफ10 रॉकेट अपयशी ठरल्यावर हायड्रोजन टाकीच्या झडपेतील गळतीपर्यंतचे कारण इस्रोनेच जाहीर केले होते. त्याने देशाची कोणतीही गुपिते फुटली नाहीत. 'व्योममित्र' यंत्रमानवाला घेऊन होणाऱ्या उड्डाणांबाबतही तोच शिरस्ता हवा: काय बिघडले, काय बदलले आणि बदल पुन्हा तपासला का, हे अंतराळवीर यानात बसण्याआधी प्रसिद्ध व्हावे. मीरा-भाईंदर ठाणे लोकसभा मतदारसंघात येते. येथील मतदारांनी आपल्या खासदारांना संसदेत तारीख विचारण्याऐवजी हा अहवाल मागायला सांगावे.