मुद्दल राखून व्याज

रान राखायचे तर कुऱ्हाड खुंटीला टांगून ठेवावी, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. भीमगड अभयारण्यापुरते ते खरेच आहे. मलप्रभा आणि म्हादई या नद्या खानापूर तालुक्यातल्या ज्या डोंगरांत उगम पावतात, तेथे फांदीही तुटू नये. पण एकदा तुटून पुन्हा फुटलेल्या रानाचे काय? तेथे किंदळ, ऐन, जांभा यांच्या एकेका खुंटातून चार-पाच धुमारे निघालेले असतात. सारेच उजेडासाठी भांडतात आणि एकाचेही खोड धड भरत नाही. त्यांतला सरळ धुमारा राखून बाकीचे काढले, तर सरपण मिळते आणि राहिलेले झाड जोमाने वाढते. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत उभे रान हे मुद्दल आणि दरसालची वाढ हे व्याज.

मात्र ‘निवडक तोड’ या शब्दाला भुलू नये. निवड कोण करतो? ठेकेदाराची नजर सरळ, भरीव झाडावर जाते. वाकडे मागे राहते आणि पुढे त्याचेच बी पडते. शेतकरी टपोऱ्या लोंब्या बियाण्यासाठी राखतो, रानात आपण नेमके उलटे करतो. (पोकळ झाडेही थोडी राहू द्यावीत. धनेशाला ढोली लागते.)

शेजारच्या कारवार जिल्ह्यात कागद गिरणीसाठी बांबूची तोड होई. बेटाच्या बुडाशी असलेली काटेरी जाळी साफ केली की नवे बांबू चांगले येतात, असा जाणकारांचा सल्ला होता. गावकरी म्हणत, काटे काढाल तर कोंब गुरे खातील. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांचा अभ्यास केला, तेव्हा गावकऱ्यांचेच खरे निघाले.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने मंजूर केलेल्या कार्य-आयोजनेखेरीज वनात तोड करण्यास मनाई केली. हे चांगलेच झाले. पण माझे म्हणणे एवढेच की, आयोजना करताना आधी राखायच्या झाडांवर खूण करावी, तोडायच्या झाडांवर नंतर. खूण करताना गावातली जाणती माणसे बरोबर असावीत. झाडांची यादी पंचायतीच्या फळ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लागावी, आणि तोडीनंतर खुंट मोजायला कॉलेजातली मुले न्यावीत. बेरीज-वजाबाकी आम्ही फुकट करून देऊ.