म्हातारपणाचा बहाणा

जुनी वास्तू पाडायची झाली की आधी तिला म्हातारी ठरवावे लागते. हे काम मोठ्या सभ्यपणे केले जाते. खांब नजरेआड येतात, खुर्च्या अरुंद आहेत, मोटारी ठेवायला जागा नाही, अशा तक्रारी एकेक करून पुढे येतात. त्या खऱ्याही असतात! आणि इतकी खरी कारणे जमली, म्हणजे मुख्य कारण सांगण्याची गरजच उरत नाही. या बहाण्याचा मला मनस्वी राग आहे. त्याच्याविरुद्ध मी दोन साक्षीदार उभे करतो. दोन्ही अमेरिकेतले, आणि दोघांचा जन्म एकाच दिवशीचा.

२० एप्रिल १९१२ रोजी तिकडे बेसबॉलची दोन मैदाने खुली झाली. एक बॉस्टनचे फेनवे पार्क. दुसरे डेट्रॉइटचे नेविन फील्ड, जे १९६१ पासून टायगर स्टेडियम म्हणून ओळखले गेले. दोन्ही भर वस्तीत. फेनवेच्या डाव्या अंगाला लॅन्सडाउन स्ट्रीट आडवा आला. रस्ता काही हलेना, म्हणून मैदान आखडले आणि तिथे भिंत चढली. आज ती ३७ फूट उंच आहे. हिरव्या रंगामुळे लोक तिला हिरवा राक्षस म्हणतात. डेट्रॉइटमध्ये ट्रंबुल अॅव्हेन्यूने जागा अडवली, तेव्हा प्रेक्षकांचा वरचा सज्जा मैदानावर दहा फूट पुढे काढावा लागला. शेजारच्या रस्त्यांनी खेळाला असा आकार दिला. मग त्या शेजाराचा मैदानावर काहीच हक्क नाही काय?

डेट्रॉइटच्या रसिकांना तो हक्क ठाऊक होता. २० एप्रिल १९८८ रोजी हजाराहून अधिक माणसांनी हातात हात गुंफून साऱ्या स्टेडियमला मिठी मारली. नुसती भावना नव्हे, दुरुस्तीचा रीतसर आराखडाही त्यांनी करवून घेतला. तो बाजूला सारला गेला. २७ सप्टेंबर १९९९ रोजी तिथे शेवटचा सामना झाला, आणि सुमारे तीस कोटी डॉलरच्या नव्या मैदानात संघ निघून गेला. त्या खर्चात सरकारी पैसाही होता. जुनी वास्तू कितीतरी वर्षे ओस पडली आणि २००८-०९ मध्ये जमीनदोस्त झाली. कॉर्कटाउन ही तिच्याभोवतीची आयरिश लोकांनी वसवलेली जुनी वस्ती. सामन्याच्या दिवशी तिथल्या गुत्त्यांत होणारी गर्दी आटली. पुढे काही माणसे स्वखुशीने, स्वतःची यंत्रे आणून, त्या उजाड मैदानावरचे गवत कापू लागली. आईबाप गेल्यावरही अंगण झाडणाऱ्या मुलांसारखी!

बॉस्टनमध्येही १९९९ साली मालकांनी नव्या मैदानाचा घाट घातला होता. कारणे तीच. पण नागरिक अडून बसले, बेत रेंगाळला, आणि २००२ साली मालकी बदलली. नव्या मालकांनी त्या राक्षसाच्या डोक्यावरच खुर्च्या मांडल्या! २००५ मध्ये त्यांनी जाहीर केले की आम्ही इथेच राहणार. मे २००३ पासून एप्रिल २०१३ पर्यंत तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटे खपली. ज्या खुर्च्यांना अरुंद म्हणून नावे ठेवली, त्यांवर बसायला दहा वर्षे झुंबड उडाली.

कोणी म्हणेल, बॉस्टन श्रीमंत, डेट्रॉइट गरीब. तुलना कशी करता? गरिबाने तर आधी डागडुजी करावी. तीस कोटींचे नवे घर बांधायला गरिबी आड आली नाही ती नाहीच. दुसरा कोणी म्हणेल, फेनवेची तिकिटे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली, आणि सामन्याच्या रात्री गोंगाटाने शेजाऱ्यांची झोप उडते. हे मात्र मला मान्य आहे. भिंती वाचवून भिंतीशेजारच्या माणसाला बाहेर ठेवणे हा अर्धाच विजय. पण जे उभे आहे त्याची दारे पुन्हा उघडता येतात. पाडलेल्याला दारच नसते.

तेव्हा वाचकहो, दोघांचे वय एक, दुखणी एकच. एक आज जिवंत आहे, एक नाही. मग म्हातारपणाने कोण मेले? दिवाळीला आपण जुन्या भिंतीची पोपडी खरवडतो आणि रंगाचा हात देतो; भिंत जुनी झाली म्हणून घर पाडत नाही. उद्या तुमच्या गावातली एखादी वास्तू म्हातारी झाल्याचे कोणी सांगत आला, तर त्याला वय विचारू नका. खाली मोकळ्या होणाऱ्या जागेचा भाव काय आहे, तेवढे विचारा.