भेग लपवू नका

जानेवारी २०२३मध्ये उत्तराखंडातल्या जोशीमठात जमीन खचली आणि ८६८ इमारतींना तडे गेल्याची नोंद झाली. ‘मलारी इन’ आणि ‘माउंट व्ह्यू’ ही दोन हॉटेले एकमेकांवर रेलली; ती पाडावी लागली. धोका नवा नव्हता. गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसल्याचे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६मध्येच सांगितले होते.

अशा जमिनीवरच्या घराला विमा मिळतो का?

१ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक करण्यात आले. घराखालची जमीन खचणे, भूस्खलन, दरड कोसळणे यांना तीत संरक्षण आहे. मात्र नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे, भरावाची जमीन दबणे, नदी-समुद्राने किनारा खाणे आणि सदोष बांधकाम यांमुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. पॉलिसीआधीच पडलेल्या भेगेची भरपाई मागता येत नाही. ती लपवल्याचे उघड झाले, तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

म्हणून दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, रुंदावत जाणारी भेग गिलाव्याने झाकू नये. तारखेसह फोटो ठेवावेत, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्यावा आणि विमा अर्जात सारे स्पष्ट लिहावे.

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथल्या दरडी सोसलेल्या महाराष्ट्रात धोक्याच्या गावांचे नकाशे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत आणि तिथल्या गरीब घरांचा विमा हप्ता सरकारने भरला पाहिजे.