अर्धवट प्रश्नाचा कौल

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघाशी काडीमोड घेण्याचा कौल दिला. तोही ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी! मी शाळामास्तर. घर सोडायचे की नाही एवढेच विचारले. सोडून राहायचे कुठे, हे पत्रिकेवर नव्हतेच. दोष उत्तर देणाऱ्यांचा नव्हे, प्रश्न काढणाऱ्यांचा. ते कॅमेरूनसाहेब दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर करून मोकळे! पुढे मेबाईही याच पायी २०१९ साली गेल्या. ६२ टक्क्यांनी ‘राहू’ म्हणणाऱ्या स्कॉटलंडला फरफटत जावे लागले. आणि आयर्लंड बेटावरची सरहद्द मोकळी ठेवायची म्हणून या स्वाभिमान्यांनी मालाची तपासणी कुठे बसवली? आपल्याच राज्याच्या दोन भागांमध्ये, ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालावर!