वैऱ्यालाही वाचवणारा हात

दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या एका भागाविषयी अग्रलेखाच्या पानावर लेख लिहावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. मालिका ही करमणुकीची बाब. तिची जागा रविवारच्या पुरवणीत, असे म्हणणारेही असतील. परंतु एखादी करमणूक घरातल्या माणसांना जेवणाचे ताट बाजूला सारून वाद घालायला लावते, आणि तो वाद पात्रांच्या प्रेमप्रकरणावरून नव्हे, तर न्याय कशाला म्हणावे या प्रश्नावरून होतो, तेव्हा ती बाब निव्वळ करमणुकीची उरत नाही. साताऱ्यातील आमच्या घरी असा वाद नुकताच झाला. निमित्त झाले ते 'मुंबई डायरीज' या मालिकेतील एका भागाचे.

ही मालिका तशी नवी नव्हे. ९ सप्टेंबर २०२१ रोजी ॲमेझॉन प्राइमवर तिचे पहिले पर्व आले. निखिल अडवाणी यांची ही निर्मिती आठ भागांची असून, २६ नोव्हेंबर २००८ च्या काळरात्री 'बॉम्बे जनरल' नावाच्या एका काल्पनिक सरकारी रुग्णालयात काय घडले, याची कथा ती सांगते. मोहित रैना यांनी रंगवलेला डॉक्टर कौशिक ओबेरॉय हा तिचा नायक. कोंकणा सेनशर्मा आणि आपल्या मृण्मयी देशपांडे यांच्याही त्यात महत्त्वाच्या भूमिका आहेत. प्रस्तुत लेखक या मालिकेचा चाहता आहे, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. पहिले पर्व मी दोनदा पाहिले. आणि दुसऱ्या वेळी सोबत घरची मंडळी होती.

वादाचा प्रसंग असा. रुग्णालयात जखमींची रीघ लागलेली. त्यांत पोलीस आहेत, रेल्वे स्थानकावरील प्रवासी आहेत आणि ज्यांनी हा रक्तपात केला त्यांच्यापैकी जखमी झालेलेही आहेत. डॉक्टर त्या अतिरेक्यावरही उपचार करतो. हे पाहताच कॉलेजात शिकणारा माझा पुतण्या उसळून म्हणाला, "काका, हा डॉक्टर आपला की त्यांचा? अशाला मरू द्यायला काय हरकत होती?" त्यावर, सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेली आणि आता सांगलीस राहणारी माझी बहीण शांतपणे म्हणाली, "अरे, खाटेवरचं नाव आम्ही वाचतो ते औषध चुकू नये म्हणून. माणूस जगायच्या लायकीचा आहे की नाही हे ठरवायला नव्हे." पुतण्या निरुत्तर झाला, पण त्याचे समाधान झाले नाही. आणि खरे सांगायचे तर, त्या क्षणी माझेही झाले नव्हते.

त्या मुलाचा संताप पोकळ म्हणून झटकून टाकता येणार नाही. सातारा-सांगलीच्या माणसाला ती रात्र परक्या शहराची वाटत नाही. गिरगाव चौपाटीवर हातात केवळ काठी असताना अजमल कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हे जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या वेळचे गृहमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातील अंजनीचे. हल्ल्यानंतर काही दिवसांतच त्यांना पद सोडावे लागले. एका जिल्ह्याने आपला पुत्र गमावला, दुसऱ्या जिल्ह्याने आपल्या लाडक्या नेत्याची नामुष्की पाहिली. अशा प्रदेशातील तरुणाने पडद्यावरील जखमी अतिरेक्याकडे कोरड्या तटस्थतेने पाहावे, अशी अपेक्षा करणे हेच मुळी अमानुषपणाचे ठरेल.

परंतु संताप समजून घेणे निराळे आणि तो मान्य करणे निराळे. पडद्यावरची कथा क्षणभर बाजूला ठेवून त्या रात्री प्रत्यक्षात काय घडले ते आठवावे. ओंबळे यांनी प्राण दिले, पण कसाब जिवंत हाती लागला. त्या रात्री जखमी कसाबला नायर रुग्णालयात नेण्यात आले आणि तेथील डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. ज्या शहराच्या रस्त्यांवर त्याने मुडदे पाडले होते, त्याच शहराच्या महापालिकेच्या रुग्णालयात त्याच्या जखमा बांधल्या गेल्या. पुढे त्याच्यावर रीतसर खटला चालला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात त्याची अंमलबजावणी झाली. ते वृत्त देशाला सांगितले तेही पुन्हा गृहमंत्री झालेल्या आर. आर. पाटील यांनीच. हवालदाराने पकडावे, डॉक्टरने जगवावे, साक्षीदाराने ओळखावे आणि न्यायाधीशाने निवाडा द्यावा, अशी ही साखळी आहे. तीतील एक कडी जरी दुसरीचे काम करू लागली, तरी साखळी तुटते. डॉक्टरने न्यायाधीश होऊन कसाबला मरू दिले असते, तर केडंब्याच्या त्या वीराने ज्यासाठी नळी सोडली नाही, ते त्याच्या मागे कोणी वाया घालवले असते, याचा विचार माझ्या पुतण्याने करावा.

येथे कोणी म्हणेल, की कसाब जिवंत राहणे उपयोगाचे होते म्हणून हे ठीक. ज्याच्या जगण्याचा काहीच उपयोग नाही त्याचे काय? हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर हेच, की उपयुक्ततेचा हिशेब हा वैद्यकधर्माचा पाया नव्हेच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर निकाल देताना ही गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली आहे. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरस्वारास जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही; पोलिसी प्रकरणे हाताळणाऱ्या दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले, आणि वाटेतच तो दगावला. वर्तमानपत्रातील या बातमीवरून ती याचिका झाली होती. रुग्ण निरपराध असो की शिक्षेस पात्र गुन्हेगार असो, त्याचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि कायद्याच्या कोणत्याही सोपस्काराने त्यास विलंब लावता कामा नये, असा त्या निकालाचा आशय आहे.

हे तत्त्व केवळ दहशतवादी हल्ल्याच्या रात्रीसाठी नाही. पुणे-बंगळूरु महामार्ग आपल्या साताऱ्यावरून, कऱ्हाडवरून, पेठनाक्यावरून जातो. त्या मार्गावरच्या अपघातानंतर मद्यधुंद चालक आणि त्याने चिरडलेला पादचारी हे दोघेही एकाच अपघात विभागात शेजारीशेजारी आणले जातात. गावात जमावाने बदडलेला चोर आणि चोराने भोसकलेला घरमालक यांचीही तीच गत. कोणाकडे आधी पाहावे? ज्याच्या जिवाला अधिक धोका आहे त्याच्याकडे. हे एकच उत्तर असल्यामुळेच रात्री दोन वाजता, झोपेने डोळे जड झालेला तरुण डॉक्टरसुद्धा योग्य तो निर्णय करू शकतो. त्याला प्रत्येक रुग्णाच्या पापपुण्याचा ताळेबंद मांडावा लागला, तर रुग्णालयाचे कोर्ट होईल आणि दोन्ही रुग्ण दगावतील.

आणि वैद्यकीय विद्या हाती असलेला माणूस कोणी जगावे हे ठरवू लागला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी सांगलीकरांना फार दूर जावे लागत नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण सापडले. एका विवाहितेच्या मृत्यूनंतर स्त्रीभ्रूणहत्येचे ते प्रकरण उजेडात आले आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. ज्या मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय काढले, जेथे आजही कर्नाटकातून रुग्ण मोठ्या आशेने येतात, त्या मिरजेच्या परिसरात हे घडावे! अतिरेक्याला मरू द्यावे म्हणणाऱ्या माझ्या पुतण्याची आणि त्या अधम व्यवहाराची मी तुलना करीत नाही. त्याचा राग देशप्रेमातून आलेला आहे, तो व्यवहार पैशाच्या लोभातून चाललेला होता. तथापि एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. अमुक जीव जगण्यास योग्य नाही, हा निवाडा उपचाराच्या खोलीत व्हावा, ही ती गोष्ट. एकदा ते दार किलकिले झाले, की आत कोणत्या भावनेने कोण शिरेल, यावर आपला ताबा राहत नाही. आज देशप्रेमाने शिरतील, उद्या जातीच्या अहंकाराने, परवा लोभाने.

म्हणून मालिकेतील तो प्रसंग मला मोलाचा वाटतो. बहुतेक मालिका प्रेक्षकाला जे आवडेल तेच दाखवतात. या मालिकेने त्याला जे बोचेल ते दाखवले. मात्र चाहत्याने आंधळे होऊ नये, या न्यायाने एक तक्रारही नोंदवली पाहिजे. मालिकेने या कर्तव्याला एका असामान्य पुरुषाचे शौर्य करून टाकले आहे. तिचा नायक नियम मोडतो, वरिष्ठांशी त्याचे खटके उडतात, आणि जे काही सत्कृत्य घडते ते त्याच्या तेजस्वी स्वभावामुळे घडते, असा ग्रह होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वैऱ्यावर उपचार करणे हा नियम मोडणाऱ्याचा पराक्रम नसून नियम पाळणाऱ्याचा दिनक्रम आहे. तो असामान्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिला असता, तर नायर रुग्णालयातील ज्या डॉक्टर-परिचारिकांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत, त्यांच्या हातून ते काम त्या रात्री झालेच नसते.

याचे सर्वांत लखलखीत उदाहरण त्याच रात्रीचे आहे. कामा रुग्णालयात प्रसूतिपूर्व कक्षात अंजली कुलथे या परिचारिका कामावर होत्या. कसाब आणि त्याचा साथीदार रुग्णालयात शिरले, तेव्हा त्यांनी कक्षाची जड दारे लावून घेतली, दिवे मालवले आणि वीस गर्भवतींना लहानशा पँट्रीत हलवले. एका रुग्णेला कळा सुरू झाल्यावर तिला आधार देत, भिंतीच्या कडेकडेने त्यांनी प्रसूतिगृहापर्यंत नेले. पुढे याच परिचारिकेने कसाबला ओळखले, न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्या रात्रीची हकीकत सांगितली. कर्तव्याची विभागणी कशी असते ते येथे दिसते. कक्षात असताना रुग्णांना वाचवायचे आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असताना सत्य सांगायचे. ज्याचे स्थान जेथे, त्याचा धर्म तेथे.

शिक्षकांना आणि कचेरीत काम करणाऱ्यांनाही यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. वर्गात नावडत्या माणसाचे पोर असते, खिडकीपुढील रांगेत आपल्याशी भांडलेला शेजारी उभा असतो. त्याचा अर्ज खाली सरकवण्याचा मोह ज्याला होत नाही, त्याने मला दाखवावे. डॉक्टरच्या बाबतीत त्या मोहाने जीव जातो, आपल्या बाबतीत एखाद्याचे वर्ष जाते, एवढाच काय तो फरक.

त्या रात्री वाद मिटला असे मी म्हणणार नाही. पुतण्या उठून गेला. दुसऱ्या दिवशी उरलेले भाग मात्र त्याने एकट्याने पाहिले. सांगलीस निघताना त्याच्या आत्याने त्याला एवढेच विचारले, "उद्या तू रस्त्यात पडलास आणि तुला उचलून आणणाऱ्याला तुझं नाव आवडलं नाही, तर?" त्याने उत्तर दिले नाही. ते त्याने सावकाश द्यावे. त्याच्या वयाच्या प्रत्येकाने द्यावे.